नवा पीसी, पण ड्राइव्ह गायब : तुमचे अनुभव सांगा

पीसी जोडून झाला, पंखे फिरले, मॉनिटरवर चित्र आलं, आणि एसएसडीचा (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचा) पत्ताच नाही! असे फोन मला अधूनमधून येतात. तोवर समोरच्याने ड्राइव्ह ‘डेड’ ठरवून दुकानदाराशी वाजवलेलंही असतं. मी आधी एकच विचारतो, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) दिसतोय का? तिथे दिसतोय पण विंडोजमध्ये नाही, तर स्क्रू-ड्रायव्हर ठेवून द्या, उरलेलं काम माउसचं. बायोसमध्येच नसेल तर मात्र कॅबिनेट उघडायचं.

भाच्याचा पीसी बघा. बी५६० मदरबोर्ड, इंटेलचा १०व्या पिढीचा आय५ प्रोसेसर, नवीकोरी एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी सगळ्यात वरच्या एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा). बायोसमध्ये नाव नाही. काढून पुन्हा बसवली, तरी नाही. मग मॅन्युअल उघडलं. तो स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला आणि ११व्या पिढीच्या प्रोसेसरवरच चालणारा. १०व्या पिढीकडे पीसीआयई लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) १६च, त्या ग्राफिक्स कार्डाकडे जातात. ११व्या पिढीला २० मिळाल्या, त्यातल्या चार या स्लॉटसाठी. एसएसडी खालच्या स्लॉटमध्ये सरकवली, लगेच दिसली. मॅन्युअलात हे तळटीपेत, मुंगीच्या अक्षरात!

तुमचे किस्से येऊ द्या. बोर्ड कुठला, ड्राइव्ह कुठला, शेवटी काय निघालं, तेवढं लिहा.

डोंबिवली फास्ट
माझी केस सोपी, पण डोकं खाल्लं. लॅमिंग्टन रोडवरून एम.२ एसएसडी आणली, ती निघाली साटा जातीची (जुन्या, हळू जोडणीची). बोर्डावरचा स्लॉट फक्त एनव्हीएमईचा. आकार तोच, २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. स्क्रूसुद्धा बसतो, पण बायोस ढिम्म. टोकाला दोन खाचा असल्या तर बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दुकानदाराने बदलून दिली, वरचे पैसे घेऊन अर्थात.

नाशिकची मिसळ
एम.२ बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि ठरावीक साटा पोर्ट यांची वाट एकच असते, एक भरला की दुसरा बंद. माझ्याकडे पाच आणि सहा नंबरचे गेले. केबल एक नंबरला लावली, संपला विषय.

एडिसनकर
न्यू जर्सीत सेलमध्ये बाहेरून जोडायची मोठी हार्ड डिस्क स्वस्त मिळते, म्हणून आम्ही तिचं कवच फोडून आतली डिस्क पीसीत घालतो. माझी फिरेचना. हात लावला तर कंपसुद्धा नाही. कारण वीजपुरवठ्याच्या १५ पिनांच्या साटा कनेक्टरमध्ये. जुन्या पद्धतीत तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट येतात, नव्या प्रमाणकात तीच पिन डिस्क बंद ठेवण्याच्या इशाऱ्यासाठी आहे. पॉवर सप्लाय व्होल्ट देत राहतो, डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. डिस्कच्या त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाऊ देणारी चिकटपट्टी) बारीक पट्टी चिकटवली आणि घरघर सुरू! टेप नको असेल तर मोलेक्सवरून (चार पिनांचा जुना वीज कनेक्टर) साटा अडॅप्टर, त्यात ३.३ची तार नसतेच.

सांगलीचा पाना-पक्कड
अडॅप्टर सांभाळून घ्या राव. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे स्वस्तातले जळतात, माझ्या टेबलावर काळे झालेले येतात. त्याहून वाईट म्हणजे मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबली. एका गिऱ्हाइकाने सप्लाय नवा घातला आणि जुन्याच केबली ठेवल्या, छान बांधलेल्या होत्या म्हणून. सप्लायच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. दोन्ही डिस्क खलास, लग्नाच्या फोटोंसकट. सप्लाय बदलला की त्याच्यासोबत आलेल्याच केबली लावा.

ठाणे वेस्ट
माझा ड्राइव्ह बायोसमध्ये होता, पण विंडोज इन्स्टॉल करताना यादी रिकामी. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनवर बायोसमध्ये व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये नसेल तर हे होतं. बोर्डाच्या साइटवरून आरएसटी नावाचा तो ड्रायव्हर घेतला, झिप सोडवून पेन ड्राइव्हवर टाकला, ‘लोड ड्रायव्हर’ दाबलं, ड्राइव्ह हजर. रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणं) नको असेल तर व्हीएमडी सरळ बंद करा, पण इन्स्टॉल करण्याआधीच. नंतर बदललं तर विंडोज चालूच होत नाही.

नवखा_गेमर
आत्ताच जोडलाय. नवा ४ टीबी ड्राइव्ह बायोसमध्ये आहे, ‘धिस पीसी’मध्ये नाही. परत करू का?

धागाकर्ता
@नवखा_गेमर, थांबा. विंडोज + एक्स, डिस्क मॅनेजमेंट. तिथे ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसेल. जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवडा, कारण जुन्या एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, अक्षर द्या.

सांगलीचा पाना-पक्कड
हे कोऱ्या ड्राइव्हसाठीच बरं का! जुना डेटा असलेली डिस्क तोच प्रश्न विचारत असेल तर ओके दाबू नका, आधी केबल बदलून बघा.

नवखा_गेमर
कोराच आहे. ई: आला! गेम डाउनलोडला लावलाय.

नाशिकची मिसळ
४ टीबीत किती गेम मावतात ते पण लिहा इथे.