सहाव्या वर्गापेक्षा चौथा अवघड

लाळग्रंथींच्या गाठींचे सुईने घेतलेल्या नमुन्यावरून वर्गीकरण करण्याऐवजी थेट रोगाचे नावच लिहावे, असे मत येथे मांडले गेले आहे. जिथे नाव खात्रीने सांगता येते तिथे ते अवश्य लिहावे. मात्र 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मिलान पद्धतीचा, म्हणजे अशा नमुन्यांची सहा वर्गांत (सहावा म्हणजे निश्चित कर्करोग) विभागणी करणाऱ्या पद्धतीचा, खरा उपयोग, नाव सांगता येत नाही तिथेच होतो, असे मला वाटते.

प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा या गाठीत गीम्सा या रंगद्रव्याने नमुना रंगवल्यावर पेशींमधले तंतुमय, किरमिजी आंतरद्रव्य दिसते आणि पेशी त्यात विरघळल्यासारख्या मिसळतात, त्यामुळे ४अ, म्हणजे सौम्य गाठ, हे उत्तर बहुधा सोपे असते. याउलट लहान, गडद केंद्रकांच्या बेसलॉइड (तळथरातील पेशींसारख्या) पेशी आणि अत्यल्प आंतरद्रव्य असेल, तर बेसल सेल अ‍ॅडिनोमा ही सौम्य गाठ व तिचा कर्करोगी भाऊबंद यांत फरक करणे जवळजवळ अशक्य होते, कारण तो फरक आजूबाजूच्या ऊतींतील शिरकावावर ठरतो आणि सुईने आलेल्या सुट्या पेशींत शिरकाव दिसत नाही. अशा वेळी ४ब, म्हणजे 'घातकतेबाबत अनिश्चित गाठ', असे लिहिणे हा पळपुटेपणा नसून शल्यचिकित्सकाला दिलेली प्रामाणिक माहिती आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. नमुन्यात पेशी नसून केवळ श्लेष्मा आला, तर तो 'अपुरा' म्हणून बाजूला सारू नये. कमी आक्रमक म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, हा लाळग्रंथीचा एक कर्करोग, असाच दिसू शकतो, म्हणून अशा नमुन्याची जागा तिसऱ्या, म्हणजे 'अनिश्चित अर्थाच्या विकृती'च्या, वर्गात आहे.