मॅडम म्हणाल्या 'आता तीन महिन्यांनी ये' आणि मी रिक्षात रडले. असं कुणाला होतं का?

मोगरा_नाशिक

आधीच सांगते, लांबलचक आहे. आणि प्लीज बालपणाबद्दल विचारू नका, माझं बालपण मस्त गेलं, आईबाबा दोघं आहेत, मला कुणी कुठे सोडून बिडून गेलेलं नाही.

वय ३४. डिप्रेशन आणि पॅनिकसाठी साडेपाच वर्षं एकाच सायकिअ‍ॅट्रिस्ट मॅडमकडे जाते. आधी दर आठवड्याला जायचे, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. गोळ्या कमी होत होत आता फक्त एसिटालोप्रॅम १० उरलीय, झोपेची गोळी दीड वर्षापूर्वीच सुटली. म्हणजे कागदावर सगळं उत्तम. गेल्या मंगळवारी गेले तर मॅडम फाईल चाळून म्हणाल्या, छान चाललंय की तुझं, आता तीन महिन्यांनी ये. मी पण हसून हो म्हणाले, बाहेर फी दिली, जिना उतरले, रिक्षात बसले आणि कॉलेज रोडपासून सातपूरपर्यंत नुसती रडत होते. रिक्षावाले काका आरशातून बघत होते, शेवटी त्यांनी बिचाऱ्यांनी गाणं बंद केलं.

चिठ्ठीच्या खाली कोपऱ्यात ३/१२ लिहिलंय. मला वाटलं तारीख आहे, तीन डिसेंबर. नंतर कळलं तीन महिने. तो कोपरा मी किती वेळा बघितला असेल विचारू नका.

त्यात मॅडमनी दिवस पण कमी केलेत, पूर्वी सोम ते शनि असायच्या, आता तीनच दिवस बसतात. वेटिंगमध्ये एक काकू म्हणाल्या की मॅडमची मुलगी कॅनडाला असते, झालं, तेव्हापासून माझ्या डोक्यात मॅडम विमानात बसल्यात ते उतरायलाच तयार नाहीत.

आता लाज वाटते ते सांगते. मी मॅडमशी खोटं बोलते, आणि तेही दोन्ही बाजूंनी. मार्चमध्ये मला दोन पॅनिक अटॅक आले, एक तर सुपरमार्केटच्या बिलाच्या रांगेत, ट्रॉली तिथेच टाकून बाहेर फुटपाथवर बसले होते. मॅडमना सांगितलं नाही, कारण त्यांना वाटेल एवढी वर्षं झाली तरी ही बाई तिथेच आणि दुसऱ्या कुणाचं नाव लिहून देतील. आणि खरंच बरी असले की मुद्दाम 'थोडं थकल्यासारखं होतं हो' म्हणते, म्हणजे त्या 'आता यायची गरज नाही' असं म्हणणार नाहीत. बरी झाले तर सोडणार, नाही झाले तर कंटाळून सोडणार, मग मी आपली मधेच लटकून राहते.

नवरा म्हणतो, अगं त्या डॉक्टर आहेत, तुझी आई नाहीत. माहितीय मला. हे फक्त मलाच होतं का? मॅडमना सांगू का? आणि डॉक्टर असं पेशंटला मधेच सोडू शकतात का, काही नियम असतो का?

कडक_कॉफी

ताई राग मानू नका पण मला प्रॉब्लेमच कळला नाही. आमचे दाताचे डॉक्टर सहा महिन्यांनी या म्हणाले की आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवतो. तीन महिन्यांनी या म्हणजे तुम्ही बऱ्या आहात. फी वाचली, सुट्टी वाचली. एवढं कुणावर अवलंबून राहू नये माणसानं.

लिथियमवाला_मिरज

@कडक_कॉफी दाताच्या डॉक्टरला तुम्ही कधी सांगितलंय का, की मला जगावंसं वाटत नाही म्हणून? नाही ना. मग तुलना नको.

मोगराताई, तुम्हाला जी भीती वाटते ती माझ्या बाबतीत खरी झाली होती म्हणून लिहितो. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली, त्यासाठी लिथियमच्या गोळ्यांवर आहे. एकाच डॉक्टरांकडे आठ वर्षं काढली. एक दिवस गेलो तर शटर खाली आणि त्यावर कागद चिकटवलेला, 'प्रकृतीच्या कारणास्तव दवाखाना बेमुदत बंद'. खाली नंबर नाही, दुसऱ्या डॉक्टरचं नाव नाही, काही नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की सरांना अटॅक आला, मुलगा घेऊन गेला. माझे सगळे पेपर त्या शटरच्या आत, कपाटात.

घरी अकरा दिवसांच्या गोळ्या होत्या. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं तर त्या अकरा दिवसांत दुसरा डॉक्टर गाठला असता. मी काय केलं तर रुसलो. खरंच, लहान पोरासारखा. ते सोडून गेले ना, मग मला पण त्यांच्या गोळ्या नकोत, असं काहीतरी चाललेलं डोक्यात. बंद केल्या. तीन आठवड्यांनी मी रात्री अडीचला हॉलच्या भिंतीला रंग देत होतो, पिवळा, तोही ऑइलपेंट, आणि बायकोला सांगत होतो की उद्या शोरूम बघायला जायचंय. नंतर अ‍ॅडमिट. लिथियम एकदम तोडलं की आजार परत उसळतो हे मला आठ वर्षांत दहा वेळा सांगितलेलं होतं.

सरांचा राग बरेच दिवस होता. आजारी माणसावर कसला राग धरायचा, पण होता. नवीन डॉक्टरांकडे पहिल्या तीन भेटी मी फक्त झोप आणि जेवण एवढंच बोललो. चौथ्या वेळी ते म्हणाले, तुम्ही अजून आधीच्या सरांकडेच बसलाय, चालेल, बसा, मी आहे इथे. आता त्यांच्याकडे पाचवं वर्ष चालू आहे.

एवढं करा. प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. एका कागदावर लिहा की कुठली गोळी कधीपासून, किती मिलिग्रॅम, कुठली सोसली नाही आणि का बंद केली. माझ्या त्या कागदावर शेवटची रक्तातली लिथियम लेव्हल, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) पण असतं. बायकोच्या फोनमध्ये एक कॉपी. भिंत अजून पिवळीच आहे, ऑइलपेंट निघता निघत नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट

मी सायकिअ‍ॅट्रीत एमडी करतोय, तिसरं वर्ष. इथे कुणाला ट्रीटमेंट सांगणार नाही, जे सर्वसाधारण आहे तेवढंच लिहितो.

पहिलं ते ३/१२ चं. ती आमची जुनी शॉर्टहँड आहे. खाली १२ असेल तर महिने, ५२ असेल तर आठवडे, ७ असेल तर दिवस. म्हणजे ३/१२ तीन महिने, २/५२ दोन आठवडे. त्यात प्रेम कमी झालं असं काही नसतं :) मधलं अंतर वाढवणं हा ट्रीटमेंटचाच भाग आहे, गोळी कमी करतो तसंच हे हळूहळू करायचं असतं, आणि अंतर जास्त झालं तर गोळीसारखंच परत मागे पण घेता येतं. फक्त पेशंटनं सांगायला पाहिजे.

दुसरं, हे फक्त तुम्हालाच होतं का. नाही. डॉक्टरबद्दल अशा मोठ्या भावना तयार होणं, आई, मोठी बहीण, कुणीही वाटणं, याला ट्रान्सफरन्स म्हणतात, फ्रॉइडनं १९१२ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिलाय. पण प्रत्येक वेळी त्यामागे बालपणातली जखम शोधायलाच पाहिजे असं मला वाटत नाही (आमचे एक सर हे वाचून मला फाडून खातील). साडेपाच वर्षं ज्या माणसासमोर तुम्ही सगळ्यात वाईट दिवस काढले तो माणूस जाईल याची धास्ती वाटणं यात मला तरी वेगळं काही दिसत नाही.

नियमांचं. असतो नियम. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत, २०२३ मध्ये नवे आले होते पण महिन्याभरातच स्थगित झाले, त्यामुळे जुनेच धरायचे. त्यात लिहिलंय की एकदा केस घेतली की डॉक्टरनं पेशंटकडे दुर्लक्ष करायचं नाही आणि पेशंटला व घरच्यांना पुरेशी आधी सूचना दिल्याशिवाय केस सोडायची नाही. म्हणजे डॉक्टर थांबू शकतात, पण न सांगता नाही. मिरजकर दादांच्या सरांची गोष्ट वेगळी, हार्ट अटॅक नोटीस देऊन येत नाही. रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं हे पण त्याच नियमांत आहे, शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्वतःचे कागद मिळण्याचा हक्क दिलाय, काही अपवाद आहेत पण सहसा मिळतात.

आता जरा कडू. मार्चमधले दोन अटॅक मॅडमना माहीत असते तर त्यांनी कदाचित ३/१२ लिहिलंच नसतं. तुम्ही त्यांना जी फाईल दाखवली ती बरी होती, त्यांनी त्या फाईलला तीन महिने दिले, तुम्हाला नाही. आम्हाला रक्ताचा रिपोर्ट नसतो हो, तुम्ही सांगाल तोच रिपोर्ट. गोड वागणारे पेशंट आमच्याकडून सगळ्यात जास्त चुका करून घेतात.

तीन महिने थांबू नका. आधीची वेळ मागा, आणि बोलायला जमत नसेल तर इथे जे लिहिलंय तेच प्रिंट काढून हातात द्या. रात्रीअपरात्री फारच घाबरायला झालं तर १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, २४ तास चालू, फुकट, मराठीत बोलतात.

सिव्हिलची_वारी

सगळ्यांचं वाचलं. मी माझ्या भावाला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जाते, त्याला स्किझोफ्रेनिया आहे, सात वर्षं झाली. पहाटेची एसटी, साडेआठला केसपेपरच्या रांगेत, नंबर येईपर्यंत बारा. आणि आमच्याकडे डॉक्टर सोडून जातील ही भीती नसते कारण ते जातातच. कधी बदली होते, कधी कॉन्ट्रॅक्ट संपतं, कधी शिकाऊ असतात ते पास होऊन जातात. दर वेळी नवा चेहरा आणि दर वेळी पहिला प्रश्न, काय त्रास होतो. सात वर्षांचा त्रास पाच मिनिटांत सांगायचा, मागे चाळीस लोक.

एक चष्मेवाले सर होते, भावाशी क्रिकेटवर बोलायचे, दीड वर्ष होते. ते गेले त्याला चार वर्षं झाली, अजून हा ओपीडीच्या दारातून आत डोकावतो आणि मला विचारतो, चष्मेवाले कुठेत. मी म्हणते सुट्टीवर. हे मी चुकीचं करते का माहीत नाही.

पण एक सांगते. तिथल्या एक सिस्टर आहेत, त्या सुरुवातीपासून त्याच. त्या काही औषध देत नाहीत, नुसतं नाव घेऊन म्हणतात, आलास का रे, जेवलास का. भाऊ डॉक्टरांसमोर हूं का चूं करत नाही, पण सिस्टरना सगळं सांगतो, आणि त्या नव्या डॉक्टरांना सांगतात. तर मोगराताई, तुमच्या मॅडमच्या रिसेप्शनला कोण बसतं, त्यांच्याशी बोलून ठेवा. डॉक्टर कुठे चाललेत हे सगळ्यात आधी त्यांनाच माहीत असतं.

तुमचं रडणं खोटं आहे असं अजिबात म्हणत नाही. मला पण साडेपाच वर्षं एकच डॉक्टर मिळाले असते तर मी पण रडले असते.

मोगरा_नाशिक

अपडेट देते. उशीर झाला, सॉरी, रोज वाचत होते पण लिहायचं धाडस होत नव्हतं.

रेसिडेंटदादांचं ते 'फाईलला तीन महिने दिले, तुम्हाला नाही' वाचून दोन दिवस राग आला होता. मग रिसेप्शनच्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शुक्रवारी शेवटचा नंबर देते, मॅडम निवांत असतात. आणि म्हणाल्या, बरं झालं केलास फोन, त्या दिवशी जाताना तुझा चेहरा बघितला होता मी. म्हणजे त्यांना कळलेलं.

प्रिंट काढली होती, चार घड्या घालून पर्समध्ये. आत गेल्यावर देता येईना. शेवटी नुसतं म्हणाले, मॅडम मार्चमध्ये मला दोन अटॅक आले होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, मागचं पान उलटलं, मार्चच्या नोंदीशेजारी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, अजून काय राहिलंय. रागावल्या नाहीत. मग मी कागद दिला. त्यांनी पूर्ण वाचला, रिक्षावाल्या काकांपाशी हसल्या.

कॅनडाचं म्हणाल तर मॅडमना मुलगी नाहीच. मुलगा आहे, तो पुण्यात. दिवस कमी केले कारण गुडघा. त्या काकू परत भेटल्या तर विचारणारे.

मी थेट विचारलं, तुम्ही मला सोडणार नाही ना. वाटलं होतं 'नाही गं' म्हणतील. तसं नाही म्हणाल्या. म्हणाल्या, मी ६१ वर्षांची आहे, कधीतरी थांबणारच, पण निदान तीन महिने आधी सांगेन, पुढे कुणाकडे जायचं ते आपण दोघी मिळून ठरवू, आणि त्या डॉक्टरला पत्र मी स्वतः लिहीन. आणि म्हणाल्या, बरी झालीस तरी वर्षातून एकदा यायला कुणाचीच ना नसते. खरं सांगते, मला ते पूर्ण आवडलं नाही. घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड केली. पण झोप लागली त्या रात्री.

गोळी आहे तीच ठेवलीय. चिठ्ठीच्या कोपऱ्यात या वेळी ६/५२.

कडक_कॉफी

पेढ्यांचं मागे घेतो ताई. आमच्या मिसेसनी हा धागा वाचला आणि मला विचारलं की हे तूच लिहिलंयस का. संध्याकाळ वाया गेली.

सिव्हिलची_वारी

६/५२ म्हणजे दीड महिना, बरोबर ना? आमच्या केसपेपरवर पण असंच काहीतरी असतं, मी इतकी वर्षं त्याला औषधाचा नंबर समजत होते. रेसिडेंटदादा, ते ७२ तासांत कागद मिळायचे असतील तर अर्ज कुणाच्या नावे करायचा? भावाची जुनी फाईल हरवली असं सांगतायत.

रात्रपाळी_रेसिडेंट

सिव्हिल सर्जनच्या नावे करा, साधा मराठीतला अर्ज चालतो. केसपेपर नंबर आणि पहिल्यांदा कधी गेलात ती तारीख लिहा, भावाची सही घ्या, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि त्या सिस्टरना आधी विचारा, फाईल कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाच माहीत असेल.