मदत हवी आहे: जुन्या सीजे ३बी जीपला १६ इंची टायरच ठेवू की १५ इंची रिमवर जाऊ?

नमस्कार मंडळी,

वडिलांची महिंद्रा सीजे ३बी आहे, १९७२ची, उंच बॉनेटची, अजून मूळ पेट्रोल इंजिनावर. वडील गेल्यावर बरीच वर्षं ती गावी गोठ्याशेजारी उभी होती. गेल्या वर्षी इंजिन उघडून घेतलं, ब्रेक नवे केले. आता चाकांपाशी येऊन अडलोय.

गाडी शोभेसाठी ठेवलेली नाही. महिन्यातून दोनदा पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावच्या बाजूला शेतावर जाते. शेवटचे चार किलोमीटर कच्चा रस्ता आहे. जांभ्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, पावसाळ्यात नुसता साबण. पुढे ओढा ओलांडावा लागतो. सोबत बऱ्याचदा आई असते, तिचं वय ७४. त्यामुळे चिखलाइतकीच मला घाट उतरतानाच्या पकडीची काळजी आहे.

सध्या पुढे ६.००-१६चे जुने नायलॉन टायर आहेत. नक्षी शिल्लक आहे, पण कडेला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात. मागच्या चाकांना एका गॅरेजवाल्याने "हे चालतं हो" म्हणून १५ इंची रिमवर २१५/७५ आर १५ रेडियल बसवून दिले. मला तेव्हा कळत नव्हतं. ऑगस्टमध्ये चिखलातून फोर बाय फोर टाकून वर आलो आणि डांबरी लागल्यावर लिव्हर निघेचना. गाडी जखडल्यासारखी झाली. शेवटी दहा-बारा फूट रिव्हर्स घेतल्यावर तो सुटला. नंतर हिशोब केला तर २१५/७५चा व्यास साधारण ७०३ मिमी येतो आणि ६.००-१६चा त्याहून जास्त. या जीपला मध्ये डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरजोडणी) नाही, त्यामुळे पुढची-मागची चाकं वेगवेगळे फेरे मागायला लागली की तो सगळा ताण ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) आणि शाफ्टवर साठत जातो. पन्नास वर्षं टिकलेले गिअर मी एका पावसाळ्यात घालवले असते, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता पाचही टायर एकदम घ्यायचे, स्टेपनीसकट एकाच मापाचे, एवढं ठरलंय. प्रश्न माप कोणतं, हा.

एक मार्ग म्हणजे मूळ ४.५ इंची रुंदीच्या रिमवर पुन्हा ६.००-१६. माझं मन तिकडेच ओढतं, कारण गाडी तशीच घडलेली आहे. अरुंद टायर पातळ चिखल कापून खालच्या जांभ्यापर्यंत पोचतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण ओल्या डांबरावर जुने नायलॉन टायर सटकतात, आणि रस्त्याच्या लांबीने जाणारी भेग आली की गाडी स्वतःच रस्ता ठरवते.

दुसरा मार्ग ६ किंवा ७ इंची रुंदीची १५ची रिम आणि २३५/७५ आर १५ ऑल टेरेन. व्यास ७३३ मिमीच्या आसपास, म्हणजे मूळ मापाच्या जवळ. घाटात पकड चांगली मिळेल. मित्र ३१ इंची (बाहेरच्या व्यासाचे) टायर टाक म्हणतात. एक्सलचं प्रमाण ५.३८ असल्याने ६०च्या पुढे इंजिन ओरडतं, ते कमी होईल हे खरं. पण स्पीडोमीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५च्या घरात असेल, चढावर दम कमी पडेल आणि पॉवर स्टिअरिंग नसताना ते वळवायचं कुणी? शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबाबतचं कलम ५२ आणि दर पाच वर्षांनी होणारं पासिंग डोक्यात आहेच.

ज्यांनी ३बी किंवा महिंद्राच्याच एमएम ५४० जीपवर १५ची रिम वापरली आहे त्यांनी कृपया सांगा: पूर्ण वळवल्यावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासतो का? रिम बाहेर आली तर किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) किती फरक पडला? आणि जुन्या रिमवर रेडियल घालून आत ट्यूब ठेवणं योग्य आहे का?

प्रतिसाद:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ४.५ इंची रिमवर रुंद रेडियल अजिबात नको. कडा आत ओढल्या जातात, टायर मधून फुगतो आणि वळणावर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) सुटू शकते. ट्यूब असेल तर चिखलात हवा फार उतरवू नका. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

रिम घेण्याआधी पीसीडी, म्हणजे चाकाचे स्टड (बोल्ट) ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मोजा. पाच स्टड असताना समोरासमोर मोजता येत नाही, म्हणून एक स्टड सोडून पुढच्याच्या मध्यापर्यंत मोजा. १३३ मिमी भरलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. मधलं भोक हबवर मोकळं बसतंय ना तेही बघा. डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतील तर चाकं काढणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर स्टड तुटलाच म्हणून समजा.

पण त्याआधी पुढची चाकं जॅकवर उचला आणि एकेक चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर किंगपिनचे किंवा चाकाचे बेअरिंग गेलेले असू शकतात. तुम्ही ज्याला टायरचा दोष समजताय ते रस्ता ठरवणं तिथलंही असू शकतं. रुंद आणि बाहेर आलेली रिम लावली की हाच खेळ ५० किमीला स्टिअरिंग थडथडवतो. मी दोन जीपवर हे भोगलंय.

नवे ६.००-१६ घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. या मापाचा माल दुकानात पडून राहतो, वर्षाच्या आतलाच घ्या.

धागाकर्ता:

काका, मनापासून आभार. आज जॅक लावला. पीसीडी १३३च्या हिशोबाने बरोबर आली, डावे नट उलट्या आट्याचेच निघाले. आणि डावं चाक वर-खाली चांगलंच हलतंय. आई बाजूला खुर्चीवर बसली होती, म्हणाली, "ह्यांच्या वेळेलाही डावीकडेच ओढायची."

तर आधी दोन्ही बाजूंचे किंगपिन बेअरिंग आणि शिम (फट भरायच्या पातळ चकत्या), मग पाच नवे ६.००-१६. १५ची रिम तूर्तास नाही. आता अडचण एवढीच की माझ्याकडच्या पाच मूळ रिमपैकी दोन वाकड्या आहेत. पुणे, माणगाव, महाड या पट्ट्यात कुणाकडे ४.५ इंची सरळ रिम पडून असतील तर सांगा, मी स्वतः येऊन बघून घेईन.