शिक्षणानंतर परदेशात किती दिवस राहता येते, हा प्रश्न अपुरा आहे

धागाकर्ता : विश्रामबाग, सांगली

निवृत्तीपूर्वीची नऊ वर्षे मी एका बँकेच्या कर्ज विभागात काढली. परदेशी शिक्षणासाठी कर्ज मागणारी घरे मी त्या काळात जवळून पाहिली आणि आजही ओळखीतून एखादे कुटुंब फाइल घेऊन घरी येते. परवा आलेल्या पालकांना इंग्लंड आणि जर्मनी यांतून निवड करायची होती आणि त्यांचा प्रश्न एकच होता : शिक्षण झाल्यावर कुठे जास्त दिवस राहू देतात? हा प्रश्न अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे; ती मुदत पुढच्या पायरीला जोडलेली आहे का, हेही विचारायला हवे.

इंग्लंडचेच पाहा. तिथला ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर राहून काम करण्याचा व्हिसा, जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. मास्टर्स झालेल्याला त्यात दोन वर्षे मिळतात; १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला दीडच वर्ष मिळेल. या मुदतीत मालकाने स्पॉन्सर करण्याची अट नाही आणि जवळपास कोणतेही काम चालते, म्हणून ती फार सोयीची वाटते. परंतु ती वाढवून मिळत नाही आणि स्थायिक होण्यासाठी लागणाऱ्या वर्षांत धरली जात नाही. पुढे राहायचे तर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा, आणि त्यासाठी मालकाकडे स्पॉन्सर करण्याचा सरकारी परवाना, काम पदवीच्या पातळीचे आणि जुलै २०२५ पासून पगार सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड असावा लागतो. नव्या पदवीधरांना सवलत आहे, तरीही किमान ३३,४०० पौंड लागतातच, आणि त्या पदाचा ठरलेला दर मोठा असेल तर त्याहूनही अधिक.

अमेरिकेत ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळतात. मात्र काम शिकलेल्या विषयाशी संबंधित असावे लागते आणि पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे दिवस एकूण ९० पेक्षा अधिक झालेले चालत नाहीत. त्यापुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याच्या वर्षाला ६५,००० आणि तिथल्या मास्टर्सधारकांसाठी आणखी २०,००० जागा आहेत; अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात आणि निवड सोडतीने होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क आले. तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. पण मधल्या काही आठवड्यांत किती घरांची झोप उडाली, ते मी पाहिले आहे.

आता कर्जाकडे येतो. तीस लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ४०,५०० रुपये पडतो, आणि त्यात शिक्षणाच्या काळात साठलेले व्याज धरलेले नाही. बहुतेक बँकांत शिक्षण संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात हप्ता सुरू होतो. म्हणजे इंग्लंडच्या दीड वर्षातले निम्मे दिवस नोकरी शोधण्यात जातात आणि उरलेल्या दिवसांत परत यावे लागण्याची धास्ती व हप्ता बरोबरच सुरू होतात. परत आलेल्या मुलाला कुपवाडच्या एमआयडीसीत सुरुवातीला जो पगार मिळेल, त्यात हा हप्ता बसत नाही. मग राहते घर तारण असलेला बाप उतारवयात हप्ते भरत बसतो. म्हणून माझे म्हणणे असे, की इथल्या पगारावर ज्या कर्जाचा हप्ता पेलणार नाही, ते कर्ज काढून मुलाला पाठवू नये, मग त्या देशाची मुदत कितीही मोठी असो.

प्रतिसाद : गलाईवाल्यांचे घर, विटा

साहेब, आकडेमोड बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकून दुष्काळातून बाहेर पडली आणि देशभरच्या बाजारपेठांत जाऊन बसली. माझे आजोबा केरळात गेले तेव्हा भाषा, ओळख, भांडवल यांतले काहीही त्यांच्याजवळ नव्हते. आपला नियम त्यांना लावला असता तर ते गावीच राहिले असते.

शिवाय आपण दोनच देशांचे दाखले दिलेत. माझा भाचा कॅनडात आहे. तिथे मास्टर्स झालेल्याला, अभ्यासक्रम दोन वर्षांहून लहान असला तरी, फेब्रुवारी २०२४ पासून तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो, आणि त्या काळात केलेले एक वर्षाचे कुशल काम कायम निवासाच्या अर्जात धरले जाते. म्हणजे तिथली मुदत पुढच्या पायरीला जोडलेली आहे. सर्व देशांना एकाच मापाने मोजू नये.

धागाकर्ता

विट्याच्या आपल्या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे, पण हे उदाहरण इथे बसत नाही. आपल्या आजोबांना केरळात राहायला कोणाची परवानगी लागत नव्हती. धंदा बसला नसता तर ते दुसऱ्या गावी दुकान मांडू शकत होते. परदेशात गेलेल्या मुलाचा दिवस ठरलेला असतो. कॅनडाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. मुदत पुढच्या पायरीला जोडलेली आहे की नाही, हेच पालकांनी विचारावे, असे मी म्हणत आहे. फक्त पात्र होणे आणि निवडले जाणे यांत तिथेही अंतर आहे, कारण अर्जदारांची निवड गुणांवर होते आणि गुणांची रेषा प्रत्येक फेरीत बदलते. तो परवाना आयुष्यात एकदाच मिळतो, हेही घरी सांगून ठेवावे.

प्रतिसाद : कोयनाकाठ (मूळ कराड, सध्या जर्मनी)

काका, मी इथे मास्टर्सच्या शेवटच्या सत्रात आहे आणि आपल्या नियमाला माझा स्पष्ट विरोध आहे. इथल्या पगारावर हप्ता पेलणार नसेल तर जाऊ नये, असे ठरवले तर ज्यांना कर्जाची गरजच नाही त्यांचीच मुले परदेशी शिकतील. माझ्या वडिलांची तीन एकर शेती आहे. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, म्हणून मामांचा बिगरशेती प्लॉट ठेवून कर्ज झाले. आपल्यासारख्या अधिकाऱ्याने तेव्हा हा नियम लावला असता तर मी आज इथे नसते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिच्याही जागा मोजक्याच. बाकीच्या बहुतेकांना कर्जावाचून मार्ग नाही.

धोका कमी करायचा तर जाण्याचा निर्णय रद्द करण्याऐवजी देश आणि तयारी बदलावी. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात, पण ते दरमहा ९९२ युरोंप्रमाणे आपल्यालाच परत मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्या काळात कोणतेही काम करता येते, आणि इथली पदवी असलेल्याने शिक्षणाला साजेशी नोकरी दोन वर्षे केली, निवृत्तिवेतनाची वर्गणी भरली आणि जर्मन भाषेची बी-वन (मध्यम) पातळी गाठली, तर कायम निवासाचा अर्ज करता येतो. अठरा महिने इथेही आहेत आणि इंग्लंडातही येऊ घातले आहेत. पुढचा रस्ता मात्र अगदी निराळा आहे.

एक गोष्ट मी कोणापासूनही लपवणार नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, म्हणून जर्मन शिकायची गरज नाही, असे मला निघताना सांगितले गेले होते. नोकरीच्या मुलाखतींत पहिल्या दहा मिनिटांतच त्याची किंमत कळते. जे येणार आहेत त्यांनी घरी असतानाच, किमान वर्षभर आधी, भाषेचा वर्ग लावावा.

प्रतिसाद : द्राक्षबाग, तासगाव

भाऊ, माझी मुलगी इंग्लंडात आहे, म्हणून लिहिते. 'दोन वर्षांत कोणीतरी स्पॉन्सर करतेच,' असे आम्हाला एजंटने सांगितले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. पहिले दहा महिने तिने वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी केली, कारण खोलीचे भाडे थांबत नव्हते. कोणतेही काम चालते, ही सवलत आहे हे खरे, पण त्या कामामुळे तिला आपल्या विषयातली नोकरी शोधायला वेळच उरला नाही. हे आम्हाला जाण्यापूर्वी कोणी सांगायला हवे होते.

प्रतिसाद : अजिंक्यतारा, सातारा

मी निवृत्त शिक्षक आहे. 'कमवा आणि शिका' हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा मार्ग ज्या जिल्ह्याने पाहिला, तिथे रात्रपाळीची खंत कोणी बाळगू नये. ताईंच्या मुलीने कष्टाने भाडे भरले, यात अभिमानच आहे. पण कर्मवीरांच्या विद्यार्थ्याचे काम त्याला शिक्षणाकडे नेत होते, आणि हे काम शिक्षणापासून दूर नेते. मुलांनी पहिल्या सत्रापासूनच आपल्या विषयातील कामाचा अनुभव मिळवावा, अगदी कमी पैशांत का होईना. व्हिसाच्या नियमांत बसणारे तास आधी तिकडे द्यावेत.

धागाकर्ता

कराडच्या ताईंचे म्हणणे दोन दिवस मनात घोळत राहिले. माझा नियम गरिबाच्या मुलावरच अधिक जाचक ठरतो, हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. तेव्हा तो मी बदलून मांडतो : पूर्ण हप्ता इथल्या पगारावर पेलावा, असा आग्रह मी सोडतो, परंतु परत यावे लागले तर पहिली दोन वर्षे हप्ता कोण आणि कशातून भरणार, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांसमोर ठरलेले असावे. सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या कित्येक वडिलांना, मुलगा बेकार असला तरी बँक आपल्याकडे येणार, हे सहीच्या दिवशी ठाऊक नसते. मी अनेकांना ते समजावून सांगितले आहे आणि काहींना सांगायचे राहूनही गेले, याची खंत आहे.

पुढच्या पायरीच्या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. तासगावच्या ताई, मुलीची सध्याची स्थिती काय आहे? तिची मुदत कधी संपते आणि तिच्या मालकाकडे स्पॉन्सर करण्याचा परवाना आहे का?

प्रतिसाद : द्राक्षबाग, तासगाव

भाऊ, चार महिन्यांपासून ती तिच्या विषयातल्या कंपनीत आहे आणि त्यांच्याकडे परवाना आहे. पगार ३२,००० पौंड देतात, म्हणजे आपण लिहिलेल्या ३३,४०० ला १,४०० कमी पडतात. मुदत संपायला पाच महिने उरले आहेत. तिने वरिष्ठांना लेखी विचारले असून, सोमवारी बैठक आहे. तिच्या पदाचा ठरलेला दर किती आहे, तेही तिला आजच पाहायला सांगते.