सातपुड्याच्या पायथ्याचा फॉल्ट आणि धाब्याचं घर: नेमकं काय तपासायचं?

शिरपूर_शिवार

घर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. जुन्या धाब्याच्या घराला लागून विटांच्या दोन खोल्या वाढवायच्या आहेत, प्रत्येकी १० बाय १२ फूट. गावात सगळे म्हणतात की इथून फॉल्ट जातो. जाणकारांना तीन प्रश्न आहेत.

१. फॉल्ट जमिनीवर ओळखता येतो का? साक्री-नंदुरबारकडे जाताना वावरांमधून काळ्या दगडांच्या भिंतीसारख्या सरळ रांगा दिसतात, त्यांनाही लोक फॉल्टच म्हणतात. ते खरं आहे का?
२. चैत्र-वैशाखात काळ्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांचा याच्याशी संबंध आहे का?
३. जुन्या घराच्या दगड-मातीच्या भिंती दोन फुटी आहेत, वर मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं. खर्च मोजकाच करता येईल, तर आधी कशावर करावा?

बोल_आणि_बेसाल्ट

भाऊ, आधी शब्द नीट लावून घेऊ. शाळेच्या भूगोलात ज्याला प्रस्तरभंग म्हणतात तोच फॉल्ट. खडकाला नुसती चीर पडली असेल तर तो सांधा. चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या असतील तरच त्याला फॉल्ट म्हणायचं.

तुमच्या काळ्या दगडांच्या रांगा फॉल्ट नाहीत. त्या डाइक आहेत. लाव्हा वर येताना उभ्या चिरांत अडकला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, हा कठीण म्हणून भिंतीसारखा उभा राहिला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा डाइकांचं जाळंच आहे, बहुतेक पूर्व-पश्चिम धावणारे, काही तर कित्येक किलोमीटर लांब. ओळख सोपी आहे: डाइकमधले खांबासारखे दगड आडवे पडलेले दिसतात, सरपण रचून ठेवावं तसे. त्यांचा भूकंपाशी थेट संबंध नाही. विहिरीच्या पाण्याशी मात्र आहे, कारण डाइक जमिनीखालचं पाणी बांधासारखं अडवतो.

फॉल्टची खूण शोधायची तर विहिरी पाहा. आपल्याकडे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत आणि दोन थरांमध्ये पुष्कळदा तांबडा मातकट थर सापडतो, त्याला बोल म्हणतात. विहीर खोदणाऱ्यांना तो नेमका माहीत असतो. शेजारच्या आठ-दहा विहिरींत हा तांबडा थर किती फुटांवर लागला ते लिहून काढा. सगळीकडे ४०-४५ फूट आणि एका रेषेच्या पलीकडे एकदम ९० फूट असेल, तर संशयाला जागा आहे. दोनच विहिरींवरून निष्कर्ष काढू नका, लाव्ह्याचा थर मुळातही थोडा वर-खाली असतो. जमिनीची उंची वजा करायलाही विसरू नका, नाहीतर उतारालाच फॉल्ट समजाल.

नाल्याच्या कापात आणखी तीन गोष्टी दिसतात: कोनदार तुकड्यांचा चुरा, त्यात पिठासारखी मऊ माती, आणि खडकाच्या तोंडावर घासून आलेल्या गुळगुळीत, समांतर रेघा. तिन्ही एकत्र असतील तर तो फॉल्ट. नुसता गुळगुळीत दगड पुरेसा नाही.

मोठं चित्र असं. सोन-नर्मदा-तापी हा देशाच्या मधोमध गेलेला जुना कमकुवत पट्टा आहे. सातपुडा त्यात उंच राहिलेला ठोकळा, उत्तरेला नर्मदेची खचदरी, दक्षिणेला तापीची. मेळघाटाच्या दक्षिण कडेला गाविलगड फॉल्ट आहे. तापीच्या उत्तरेला, नदीला साधारण समांतर असा तापी उत्तर फॉल्ट आहे, आणि सातपुड्यात बडवानी-सुक्ता फॉल्ट. नकाशावर त्या रेघा बारीक दिसतात, प्रत्यक्षात तो फुटलेल्या खडकांचा रुंद पट्टा असतो, आणि आपल्याकडे त्याचा बराचसा भाग तापीच्या गाळाखाली गाडलेला आहे. उनपदेवचे गरम झरे याच पायथ्याच्या भेगांतून येतात. पावसाचं पाणी खोल जातं, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापतं आणि चिरेतून वर येतं. खाली ज्वालामुखी नाही.

हा पट्टा मेलेला नाही. भारताचा भूपट्ट दर वर्षी सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो दाब सगळ्या द्वीपकल्पात पसरतो. जुन्या काळी ताण बसून ज्या चिरा उघडल्या, त्याच आता दाबाखाली उलट्या दिशेने सरकतात. १४ मार्च १९३८ चा सुमारे ६.३ तीव्रतेचा सातपुडा भूकंप आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप, दोन्ही याच पट्ट्यातले.

भेगांचं उत्तर एका ओळीचं आहे: काळी माती वाळली की आकसते. त्याचा भूकंपाशी संबंध नाही.

तापीकाठ

माझ्या मते फॉल्टच्या रेषेपासून निदान अर्धा किलोमीटर लांब बांधावं. एवढं अंतर ठेवलं की चिंता नाही.

बोल_आणि_बेसाल्ट

तापीकाठ दादा, इथे ते लागू होत नाही. अंतर राखायचा नियम जिथे फॉल्ट पृष्ठभागापर्यंत फाटतो तिथला आहे. १९३८ चा भूकंप सुमारे ४० किलोमीटर खोल होता, जबलपूरचा सुमारे ३६. एवढ्या खोलवर सरकलेला खडक वर जमीन फाडत नाही, पण हादरा शेकडो किलोमीटर पोचवतो. घर ५०० मीटर हलवलं तर केंद्रापासूनचं अंतर ४० चं ४०.००३ किलोमीटर होईल, तेही घर केंद्राच्या बरोबर वर असेल तर.

उलट उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, तीव्रता ६.२, म्हणजे १९३८ च्या आसपासचीच. पण तो उथळ होता, दहा किलोमीटरच्या आत, आणि वर दगड-मातीची घरं. हजारो माणसं झोपेत गेली. त्या भागाला तोवर सगळ्यात सुरक्षित मानलं जात होतं. म्हणून रेघ कुठे आहे यापेक्षा भिंत कशी आहे हा प्रश्न आधी घ्या.

रिंग_१३५

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण जीव जातात ते इथेच.

भूकंपाचा विचार करून बांधायच्या भारतीय मानकाच्या (आयएस १८९३) २०१६ च्या आवृत्तीत तापीच्या पट्ट्यातला खानदेश भूकंप क्षेत्र ३ मध्ये धरला आहे (क्षेत्र गुणांक ०.१६). याचा अर्थ भूकंप कधी येईल असा नाही. आला तर किती धक्का धरून बांधायचं, एवढाच त्याचा अर्थ.

जुनं घर आधी. धाब्याचं वजन काढा. एक घनफूट मातीचं वजन ४५ ते ५० किलो. १० बाय १० च्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार ते पाच टन, पावसात भिजली की आणखी. दर दोन-चार वर्षांनी गळती थांबवायला वरून नवी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही, म्हणून थर वाढतच जातो. धाब्याला चार ठिकाणी सळईने टोचून जाडी मोजा. ८ इंचांच्या वर जेवढी असेल तेवढी उतरवा. गळती थांबवायला मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद घाला. याला जवळजवळ खर्च नाही आणि फायदा सगळ्यात मोठा.

दुसरं, भिंत. दोन फुटी भिंत मजबूत वाटते, पण आत बघितली तर ती दोन भिंती आहेत: बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर, मध्ये माती आणि कपच्या. हादऱ्यात हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि ढासळतात. नव्या भिंतीत यावर उपाय म्हणून आरपार जाणारे जोडदगड घालतात: उभ्यात दर दोन फुटांवर, आडव्यात दर चार फुटांवर. उभ्या असलेल्या भिंतीत ते नंतर असे बसवा:

- भिंतीतला एक दगड पहारीने हळूहळू हलवून काढा. घण मारू नका, शेजारचे दगड सैल होतात.
- मातीतून आरपार सुमारे ३ इंची भोक करा. आतून आणि बाहेरून मिळून करा, म्हणजे सरळ येतं.
- भोक धुऊन निम्मं काँक्रीट भरा, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिमीची सळई ठेवा, उरलेलं भरा. सळई सगळीकडून काँक्रीटमध्ये बुडलेली हवी.
- दहा दिवस पाणी मारा.
- अशी भोकं साधारण मीटर-मीटरवर, खालच्या ओळीतल्या दोन भोकांच्या मध्ये वरचं येईल अशी. एका दिवशी एका भिंतीत दोन-तीनच करा.

तिसरं, लाकूड. धाब्याचं ओझं खांब आणि सरांवर (आडव्या तुळयांवर) असेल तर ते घर वाचवता येतं. खांब आणि सर जिथे मिळतात तिथे नुसती खाच असते, हादऱ्यात ती निसटते. प्रत्येक सांध्यात लाकडाचा किंवा लोखंडी पट्टीचा तिरपा टेका बोल्टने बसवा. खिळ्यांवर भागवू नका. खांबाचा बुडखा वाळवीने खाल्ला आहे का ते आधी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा, नाहीतर वरचं सगळं काम वाया.

शिरपूर_शिवार

भोकांची माहिती फारच उपयोगी. नव्या खोल्यांना मिस्त्री म्हणतो चार कोपऱ्यांत नऊ इंची कॉलम टाकू, म्हणजे झालं. बरोबर आहे का?

रिंग_१३५

नाही. एका मजल्याच्या दोन खोल्यांना कॉलमपेक्षा पट्टे जास्त कामाचे. भारवाही विटांची भिंत आणि तिला चारही बाजूंनी बांधणारा काँक्रीटचा पट्टा: एक प्लिंथला (जोत्याला), एक लिंटलच्या, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या, पातळीला. वर स्लॅब असेल तर छताचा वेगळा पट्टा नको. पत्रा असेल तर तो हवाच, आणि तिकोनी भिंतीवरही हवा.

हिशोब मांडतो, मिस्त्रीला दाखवा. दोन खोल्या शेजारी-शेजारी, मधली भिंत एकच, म्हणजे भिंतींची लांबी ७६ फूट. पट्टा ९ इंच रुंद, ३ इंच जाड, त्यात १० मिमीच्या दोन सळया. सळई सुमारे २९ किलो, लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवून जोडायची लांबी) धरून ३२. सहा मिमीच्या आडव्या कड्या दर ६ इंचांवर, त्या ८-९ किलो. म्हणजे एका पट्ट्याला ४० किलोच्या आसपास लोखंड आणि १:१.५:३ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ०.४ घनमीटर, सिमेंट साडेतीन पोती. दोन पट्ट्यांचं दुप्पट करा. चार कॉलम, त्यांचे फुटिंग आणि बीम यांच्याशी तुलना करून बघा.

यात चुका कुठे होतात?

लिंटल फक्त दारावर-खिडकीवर टाकतात आणि मध्ये तोडतात. तुटलेला पट्टा भिंतींना एकत्र धरू शकत नाही. तो सगळ्या घराला, मधल्या भिंतीलाही, सलग फिरला पाहिजे. कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत न्या, लॅप कोपऱ्यात नको, आणि लॅप किमान दोन फूट ठेवा. प्रत्येक कोपऱ्यात आणि भिंतींच्या जोडावर १२ मिमीची एक उभी सळई पायातून स्लॅबपर्यंत न्या, तिच्याभोवती वीट सोडून काँक्रीट भरा. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत नको, आणि एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्याहून कमी ठेवा.

नवी भिंत जुन्या दगडी भिंतीत गुंतवू नका. मध्ये एक-दीड इंचाची मोकळी फट ठेवून वरून पत्र्याने झाका. जड दगडी घर आणि हलकं विटांचं घर वेगवेगळ्या लयीत हलतात. फट नसेल तर ते एकमेकांना ठोकतात आणि आधी नवं फुटतं.

पुढे मजला चढवायचा असेल आणि म्हणून कॉलमच हवे असतील, तर इंजिनिअरकडून डिझाइन घ्या. क्षेत्र ३ ला आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या सळयांचं मानक, लागू होतो आणि त्यात कॉलमची बाजू ३०० मिमीहून कमी चालत नाही, म्हणजे नऊ इंची कॉलम बसतच नाही. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगचा आकडा आत १३५ अंशांत वळलेला हवा. ९० अंशांचा आकडा हादऱ्यात उघडतो, मग उभ्या सळया वाकून बाहेर येतात. बीमच्या वर-खाली कॉलममध्ये रिंगा जास्तीत जास्त १०० मिमीवर. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्याआधी स्वतः टेप घेऊन मोजा, नंतर दिसत नाही.

गाळपेर

जमिनीबद्दल थोडं, कारण पायथा आणि नदीकाठ यांत फार फरक आहे.

पायथ्याला गोटे-वाळूचा जाड भरड थर आहे, पाणी खोल. तापीजवळ बारीक गाळ आणि वाळू, पाणी वर. मऊ गाळ हादरा वाढवतो. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यात साबरमतीच्या गाळाचा हात होता आणि खाली पार्किंगसाठी भिंती न घेता उभ्या केलेल्या मजल्यांचाही. सैल वाळू पाण्याने भरलेली असेल तर जोराच्या हादऱ्यात ती पातळ होते आणि घर बसतं. शिरपूर भाऊ, पायथ्याला तो धोका कमी. तुमची अडचण काळ्या मातीची आहे. पाया तिच्यात थांबवू नका, खाली मुरूम लागेपर्यंत न्या आणि खड्डा काळ्या मातीनेच परत भरू नका.

धक्का बसला तर दोन गोष्टी टिपा. आधी बारीक थरथर येते, मग जोराचा आडवा हेलकावा. मधले सेकंद मोजा आणि आठने गुणा, केंद्र साधारण तितक्या किलोमीटरवर असतं. वेळ आणि जाणवलेलं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या ‘भूकंप’ अ‍ॅपवर कळवा. लहान धक्के महिनोन्‌महिने येत राहिले तर त्याला भूकंपमालिका म्हणतात. पालघर-डहाणूला नोव्हेंबर २०१८ पासून तशी होती, आपल्या शेजारी खंडव्याकडेही होऊन गेली आहे. लहान धक्क्यांनी दाब निघून जातो, आता मोठा येणार नाही, असं मानू नका. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा तीनच्या धक्क्यांनी निघायला असे तीस हजारांहून जास्त धक्के लागतील.

रिंग_१३५

एक राहिलं. धाब्याची माती उतरवायचं काम पावसाळ्याआधी करा, आणि सगळ्या खोल्यांवरून थोडी-थोडी, समान. एका बाजूची पूर्ण काढून मग दुसरी घेतली तर सर एकीकडे उचलतात आणि जुनी भिंत तिथेच फाटते. काढलेली माती भिंतीला टेकवून ढीग करू नका. भोकांचं काम होईपर्यंत रात्री खाटा दगडी भिंतीपासून लांब, दाराकडे ठेवा, आणि फडताळावरचे पितळी हंडे-पातेली खाली उतरवा.