मदत हवी आहे: अख्खी कोंबडी स्मोक केली की कातडी चिवट आणि चव कडवट का होते?

गच्चीवाला_पुणे
मंडळी, मदत हवी आहे. साधनं अशी: ५७ सेंटीमीटरचा झाकणाचा गोल केटल ग्रिल, लाकडी कोळसा, आंब्याचं लाकूड, मांसात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. जागा उघडी गच्ची. कोंबडी साफ केल्यावर सव्वा किलोची, कातडीसकट, रात्रभर दही-आलं-लसूण-तिखटात मुरवलेली. झाकणावरचा काटा ११० अंशांच्या आसपास ठेवून तीन तास.

अडचणी चार. कातडी ओढली की अख्खी सोलून येते, दातांनी तुटत नाही. जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. छातीचं मांस कोरडं होतं आणि मांडीच्या हाडाजवळ मात्र गुलाबी राहतं. शिवाय काटा कधी ९० वर उतरतो, कधी १६० वर चढतो. लाकूड दोन तास पाण्यात भिजवून टाकतो, खालची हवेची झडप जवळजवळ बंद असते. नेमकं काय बदलायचं?

निखारा
तापमानापासून सुरुवात करा, कारण तिथे निम्मं कोडं सुटतं. ११० अंश हे गाय-डुकराच्या चिवट, चरबीदार तुकड्यांचं तापमान आहे. त्या मांसातले तंतू विरघळायला तासन्‌तास लागतात म्हणून तिथे मंद आच लागते. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्यात विरघळवण्यासारखं फार काही नसतं. मंद आचेवर कातडीखालची चरबी पूर्ण वितळत नाही, पृष्ठभाग ओलाच राहतो आणि कातडी चामड्यासारखी होते. तेवढ्या वेळात छातीचं पाणी निघून जातं ते वेगळंच. कोंबडीसाठी जाळीच्या पातळीवर १४० ते १५० अंश ठेवा.

जाळीच्या पातळीवर, हे महत्त्वाचं. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, आणि तो निखाऱ्यांच्या बाजूला आला तर वीस-पंचवीस अंशांनी सहज फसवतो. थर्मामीटरचा दुसरा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, जाळीवर, कोंबडीपासून चार बोटं लांब ठेवा. थर्मामीटर आधी तपासून घ्या: बर्फ घातलेल्या पाण्यात ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात पुण्याच्या उंचीवर ९८ दिसेल, तो दोष समजू नका.

कोंबडी पाठीचा कणा कापून पुस्तकासारखी उघडी करा. दणकट कात्रीने शेपटीपासून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापायचं, उलटी करून छातीच्या मधल्या हाडावर तळहाताने जोरात दाबायचं, हाड कटकन मोडलं की ती सपाट बसते. सगळं मांस एका जाडीचं होतं आणि मांड्या निखाऱ्यांकडे, छाती लांब अशी मांडणी करता येते. सव्वा किलोला १५० अंशांवर साधारण सवा ते दीड तास. अख्खीच ठेवायची असेल तर पाऊण तास जास्त धरा आणि पोकळीत काही भरू नका.

आता कडवटपणा. खालची झडप बंद आणि लाकूड ओलं, म्हणजे आग गुदमरते. गुदमरलेल्या लाकडातून दाट पांढरा-पिवळा धूर येतो आणि त्यातला डांबरासारखा अंश गार, ओल्या कातडीवर बसतो. तीच ती कडू चव. लाकूड भिजवू नका. पाणी आत फारसं शिरत नाही, ते वाफ होऊन जाईपर्यंत लाकूड नुसतं धुमसतं. कोरडा, मुठीएवढा तुकडा घ्या, असे दोनच, मिळून १०० ते १५० ग्रॅम. वरची झडप कायम पूर्ण उघडी, आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने. झडपेतून पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर निघू लागला की मगच कोंबडी आत ठेवायची. धूर दिसत नाही म्हणून लाकूड वाढवायचा मोह होतो, तो आवरा. कोंबडी धूर पटकन धरते.

चढउतार कोळशामुळे होतात. आपल्याकडच्या गोणीत मोठे तुकडे, चुरा आणि धूळ एकत्र येते. चुरा खालच्या जाळीची भोकं बुजवतो, हवा अडते, मग झडप उघडली की एकदम भडका. कोळसा चाळून फक्त लिंबाएवढे आणि त्याहून मोठे तुकडे वापरा. एका बाजूला न पेटवलेला अर्धा किलो पसरा, त्यावर चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायचा पत्र्याचा उभा डबा) राख धरेपर्यंत पेटवलेला अर्धा किलो ओता. दुसऱ्या बाजूला रिकामा ट्रे, त्याच्या वर कोंबडी. ट्रे हवाच, चरबी निखाऱ्यावर पडली की काजळीचा धूर होतो. पेटवायला रॉकेल नको, वास शेवटपर्यंत जात नाही. खाद्यतेलात बुडवलेला कागद पुरतो. आणि झाकण दर दहा मिनिटांनी उघडून बघू नका. प्रत्येक वेळी गरम हवा जाते आणि ताजी हवा मिळून निखारे फुलतात.

मसाल्याचा_डबा
निखारा यांनी आगीचं सांगितलं, मी कातडीचं सांगते. दह्याचं मुरवण तंदूरच्या कातडी काढलेल्या कोंबडीला शोभतं, तिथे ४०० अंशांच्या भट्टीत पाणी क्षणात उडतं. इथे दह्याचा थर कातडी ओली ठेवतो, धुराच्या आड येतो आणि काळा पडतो.

नुसतं मीठ लावा, मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्के. १.२ किलोला १५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट अडीच चहाचे चमचे. त्यात एक चमचा बेकिंग पावडर मिसळा. सोडा नाही, सोड्याने साबणासारखी चव येते. छाती आणि मांडीवरची कातडी बोटांनी अलगद सोडवून निम्मं मीठ आत, निम्मं वरून. मग ट्रेमध्ये जाळी, जाळीवर कोंबडी, न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात १२ ते २४ तास. खालचा कप्पा अशासाठी की थेंब भाजीवर पडू नयेत. बाहेर काढल्यावर कातडी जिलेटिनच्या कागदासारखी कोरडी, किंचित पारदर्शक दिसली पाहिजे. बोट चिकटत असेल तर अजून थांबा. फ्रोझन कोंबडी असेल तर पाकिटावर बघा, आधीच मिठाचं पाणी भरलेलं असेल तर मीठ अर्ध्यावर आणा.

मसाला हवा तर कातडीखाली. गोव्याचा रेशाद मसाला यासाठी फार सुंदर, त्यातलं व्हिनेगर आणि मिरची धुराला तोलून धरतात. पातळ थर द्या, गोळे राहू देऊ नका. वरून फक्त मिरपूड आणि थेंबभर तेल. गूळ-साखर असलेलं काही लावायचं तर शेवटच्या दहा मिनिटांत, नाहीतर जळतं.

दुकानात “विथ स्किन, अख्खी, तुकडे नको” हे आधी सांगावं लागतं, कारण बहुतेक ठिकाणी पिसं उपटण्याऐवजी कातडीच सोलतात. पिसांचे राहिलेले बारीक केस गॅसच्या ज्योतीवर फिरवून जाळून घ्या. गावरान कोंबडी या पद्धतीला घेऊ नका. तिचं मांस रश्श्यात शिजवायचं, इथे ते चिवटच राहील.

गच्चीवाला_पुणे
खूप आभार दोघांचे. गुलाबी रंगाचं राहिलं. घरात लहान मुलं आहेत, गुलाबी मांस वाढायला धीर होत नाही. आणि आंब्याशिवाय कोणतं लाकूड चालेल?

निखारा
रंगावर जाऊ नका, आकड्यावर जा. छातीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता ७४ अंश आले की खायला सुरक्षित. मांडी ७४ लाही सुरक्षित असते पण रबरी लागते, ८० ते ८२ ला मऊ होते. मांड्या निखाऱ्यांकडे ठेवायच्या त्या यासाठीच. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जुळून कडेचा भाग गुलाबी करतात, आणि कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज झिरपून हाडाजवळ लाली येते. दोन्ही मांडीत मोजा, एक बाजू नेहमी मागे असते. ७४ च्या खाली असेल तर रंग कितीही पांढरा असो, परत आत ठेवा.

लाकूड: पेरू, चिकू, जांभूळ, बाभूळ चांगली. बाभळीचा धूर उग्र, एकच तुकडा टाका. किमान सहा महिने वाळलेलं, बुरशी नसलेलं हवं. निलगिरी आणि सागवान तेलकट, नको. प्लायवूड, रंगवलेलं किंवा पेटीचं लाकूड मुळीच नको. कण्हेर विषारी आहे, तिची काटकीसुद्धा आत जाता कामा नये. कोकणातल्यांनी काजूची टरफलं टाकू नयेत, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

तिसरा_मजला
गच्ची नाही, ग्रिल नाही. फ्लॅटमध्ये काही करता येईल का? बंद बाल्कनीत छोटी शेगडी चालेल?

निखारा
बंद बाल्कनीत कोळसा अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसं मारतो. खिडकी उघडी ठेवूनही नको.

मसाल्याचा_डबा
तिसरा मजला, चिनी स्वयंपाकातली चहाच्या धुराची पद्धत करा, गॅसवर होते. कोंबडी आधी वर सांगितल्यासारखी मीठ लावून, मोदकपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात ४० ते ४५ मिनिटं वाफवा, ७४ अंश येईपर्यंत. पुसून अर्धा तास पंख्याखाली सुकवा. जुन्या लोखंडी कढईत फॉइलचा दुहेरी थर, त्यावर अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी चहापत्ती, पाव वाटी गूळ किंवा साखर, एक चक्रीफूल. वर जाळी, जाळीवर कोंबडी, घट्ट झाकण, कडेला फॉइल दाबून. मोठ्या आचेवर धूर दिसला की मध्यम आच करून १० मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण न उघडता ५ मिनिटं. जास्त ठेवली तर जळक्या साखरेची चव येते. नॉनस्टिक भांडं वापरू नका, कोरडं इतकं तापलं की त्याचा थर विषारी वाफा सोडतो. एक्झॉस्ट सुरू, खिडक्या उघड्या. कातडी कुरकुरीत हवी असेल तर नंतर ओव्हनमध्ये २२० अंशांवर ८ मिनिटं.

वाटीत निखारा ठेवून तूप सोडायचा धुंगार हा तयार पदार्थाला वास द्यायला ठीक आहे, पण तो वरवरचा असतो. त्याने कोंबडी शिजत नाही आणि आतपर्यंत धूर जात नाही.

गच्चीवाला_पुणे
उरलेली किती दिवस टिकेल? धूर दिलाय म्हणून जास्त?

मसाल्याचा_डबा
नाही. हा गरम धूर चवीपुरता असतो, याने मांस टिकत नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. हाडं आणि कापलेला कणा टाकू नका: दीड लिटर पाणी, एक कांदा, चार मिरे, मंद आचेवर दोन तास. हा रस्सा फार धुरकट होतो, पुलावात घालताना निम्मं साधं पाणी मिसळा.