‘उद्याचे नागरिक’ आणि ‘ज्येष्ठ नागरिक’ यांच्या मधले आपण कोण?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. ‘नागरिक’ या शब्दावर चर्चा हवी आहे. कोशातला अर्थ ठाऊक आहे, अडलंय ते वापरापाशी.

मी नाशिकला मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक आहे. रविवारी संपर्कसत्र असतं. समोर पदवीचे विद्यार्थी, पण वयाचा मेळ नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याच्या आईच्या वयाची बाई एकाच बाकावर. कुणी सातपूरची रात्रपाळी संपवून डबा हातात घेऊन थेट वर्गात येतो, कुणी पेठहून पहाटेची एसटी पकडते. या महिन्यात राष्ट्रीय ओळख आणि नागरिकत्व हा घटक होता. पुस्तक उघडण्याआधी म्हटलं, ‘नागरिक’ शब्द घालून एक वाक्य लिहा. पहिलं सुचेल ते.

घरी येऊन कागद चाळले तर दोनच ढीग पडले. एकात ‘आजची मुले उद्याचे नागरिक आहेत’ आणि दुसऱ्यात ‘ज्येष्ठ नागरिकांना एसटीत सवलत मिळते’. दोन-चार कागद इकडेतिकडे. ‘मी नागरिक आहे’ असं एकाही कागदावर नाही. म्हणजे लहानपणी आपण नागरिक होणार असतो आणि म्हातारपणी ज्येष्ठ नागरिक झालेले असतो. मधली चाळीस-पन्नास वर्षं, जेव्हा माणूस कमावतो, कर भरतो, मत देतो, तेव्हा तो कोण असतो?

पुढच्या रविवारी हेच विचारलं. फळ्यावर शब्द आले ते असे: पब्लिक, जनता, सर्वसामान्य माणूस, मतदार, ग्राहक, लाभार्थी. ‘लाभार्थी’ तर दोन-तीन कोपऱ्यांतून एकदम आला. वाईट वाटलं, कारण लाभार्थी म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली हे शब्दातच ठरून जातं.

‘उद्याचे नागरिक’ हा प्रयोग आपण सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. भाषणात गोड वाटतो, पण मुलांच्या डोक्यात तो एक चुकीची गोष्ट पक्की बसवतो. वर्गातल्या कितीतरी जणांना वाटत होतं की अठरा पूर्ण झाल्यावर माणूस नागरिक होतो. अठराव्या वर्षी मिळतो तो मताधिकार. तोही १९८९ पर्यंत एकविसाव्या वर्षी मिळायचा, ६१ व्या घटनादुरुस्तीने तो अठरावर आणला. नागरिकत्वाचा त्या वयाशी संबंध नाही. पाळण्यातलं बाळही आजचंच नागरिक असतं.

आणखी एक. सुरगाण्याकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, नागरिक तुम्ही नाशिकवाले. आम्ही ग्रामस्थ.’ वर्ग हसला, पण ती गंभीर होती. तिला मी काय उत्तर द्यायला हवं होतं?

पेठरोड
ताई, त्या मुलीचं बरोबर आहे. कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. पाण्यासाठी हंडे घेऊन शहरात मोर्चा निघाला तर ‘संतप्त नागरिक’. तेच हंडे, तीच तहान, पण गाव असेल तर ‘संतप्त ग्रामस्थ’. आदिवासी पाडा असेल तर ‘आदिवासी बांधव’. मी पाड्यावरचा आहे, आम्हाला बातमीत ‘नागरिक’ म्हटलेलं मी क्वचितच वाचलंय. मार्च २०१८ मध्ये आमच्याकडची माणसं वनजमिनीसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली. माझे काका होते त्यात, तळपाय सोलून निघाले होते. त्यांना मोर्चेकरी म्हटलं, शेतकरी म्हटलं, आदिवासी म्हटलं. ते सगळं खरंच आहे. पण कायद्याने दिलेला हक्क सरकारकडे मागायला १८० किलोमीटर चालत जाणं हे नागरिकाचंच काम ना?

काळा कोट
‘पाळण्यातलं बाळही नागरिक’ याला एक पुस्ती. भारतात जन्म झाला एवढ्यावर नागरिकत्व मिळण्याचा नियम १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांना लागू होता. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय नागरिक असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. हे सगळं नागरिकत्व अधिनियम १९५५ मध्ये आहे. तुमच्या वर्गातली तरुण मुलं आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई वेगवेगळ्या नियमांनी नागरिक आहेत, हे त्यांना सांगा. कान टवकारतील.

गोदाकाठ
काळा कोट, आभार. हे सांगायलाच हवं. माझं वाक्य फार सरसकट झालं होतं.

पेठरोड, तुमचं वाचून व्युत्पत्तीकडे वळले. नगर, नागर, नागरिक. संस्कृतात नागर म्हणजे शहरात राहणारा आणि म्हणून चतुर, सफाईदार. त्याच्या समोर ग्राम्य: गावचा आणि म्हणून ओबडधोबड, अश्लील. काव्यशास्त्राने तर ग्राम्यत्व दोषांच्या यादीत घातलं. आजही शिवराळ बोलणाऱ्याला आपण ‘ग्राम्य’ म्हणतो आणि त्यात गावाचा अपमान होतोय हे जाणवतही नाही. त्या मुलीच्या ‘आम्ही ग्रामस्थ’मागे एवढी जुनी उतरंड उभी आहे.

आजच्या मराठीतही हा दुहेरीपणा शिल्लक आहे. नागरी सहकारी बँक किंवा नागरी सुविधा म्हणताना ‘नागरी’ म्हणजे शहरी. नागरी हक्क, नागरी संहिता म्हणताना त्याचा शहराशी काही संबंध नाही. एकच विशेषण, दोन अर्थ, आणि विद्यार्थ्याला ते कुणी उलगडून सांगत नाही. राज्यघटनेने ‘नागरिक’ घेतला तो शहराची वेस काढून टाकून. मी तिला आता हेच सांगणार आहे, की या शब्दावर तुझा हक्क माझ्याइतकाच आहे. आणि बातम्या लिहिणारं कुणी इथे असेल तर हात जोडून विनंती: गावातल्या माणसांनाही अधूनमधून नागरिक म्हणा.

जेलरोडकर
आमचं अर्धं घर प्रेसमध्ये नोकरीला होतं, म्हणून लिहितो. देशभरातल्या लोकांच्या पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात. त्या पासपोर्टवर हिंदीत ‘राष्ट्रीयता’ लिहिलेलं असतं. आपण मराठीत ‘राष्ट्रीयत्व’ म्हणतो. हिंदीत नागरिकता, आपल्याकडे नागरिकत्व. -ता आणि -त्व यांत अर्थाचा फरक आहे का?

ओवी
अर्थाचा फरक नाही, दोन्ही भाववाचक प्रत्यय संस्कृतातलेच. मराठीत दोन्ही चालतात: एकता, मानवता, समता, तसंच नेतृत्व, बंधुत्व, पालकत्व. कुठल्या शब्दाला कुठला प्रत्यय रुळला हा सवयीचा भाग. लिंग मात्र बदलतं: ती नागरिकता, ते नागरिकत्व. हल्ली मराठी बातम्यांत ‘नागरिकता’ डोकावू लागलंय, ते टाळावं. आपला शब्द रुळलेला आहे, घटनेच्या मराठी पाठातही नागरिकत्व हाच आहे.

जाता जाता, ‘नागरिक’ला स्त्रीलिंगी रूप लागत नाही. शिक्षक-शिक्षिका, लेखक-लेखिका, पण तोही नागरिक आणि तीही नागरिक. मला हे फार आवडतं.

गोदाकाठ
राष्ट्रीयत्वाचा विषय निघालाच आहे तर वर्गातला एक प्रसंग सांगते.

‘राष्ट्रीयत्व’ हा शब्द तुम्ही कधी वाचलाय का, असं विचारलं. सगळे गप्प. मग म्हटलं, डोमिसाइल कुणाकडे आहे? एका मुलाकडे प्रवेशाची कागदपत्रं होती. पारदर्शक फोल्डर, आत क्रमाने लावलेले दाखले, वर रबर. त्यातलं डोमिसाइल काढून मथळा मोठ्याने वाच म्हटलं. त्याने वाचलं: ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’. वाचून तो स्वतःच थांबला. सेतू केंद्राच्या चार फेऱ्या मारून मिळवलेला कागद, कितीदा झेरॉक्स काढलेला, पण मधला शब्द त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आपण सगळेच त्या कागदाला शेवटच्या शब्दाच्या इंग्रजी नावाने ओळखतो आणि राष्ट्रीयत्व वय आणि अधिवास यांच्या मध्ये दबून जातं.

काळा कोट
त्या शेवटच्या शब्दातही गंमत आहे. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदात अधिवास आहे तो भारताच्या राज्यक्षेत्रातला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात म्हटलंय की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास असं काही नसतं. राज्य जे तपासतं तो खरं तर रहिवास, महाराष्ट्रात साधारणपणे पंधरा वर्षांचा. ‘रहिवासी’ हा आपला साधा शब्द इथे जास्त अचूक आहे.

आणि समंत्रकबाईंना अजून एक तारीख देतो. घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली हे सगळे सांगतात. पण नागरिकत्वाचे अनुच्छेद, पाच ते नऊ, २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले. अनुच्छेद ३९४ मध्ये तसं लिहिलंय. प्रजासत्ताक होण्याच्या दोन महिने आधी आपण नागरिक झालो होतो.

ओवी
‘प्रजासत्ताक’वरून आठवलं. उद्देशिकेच्या मराठी पाठात शब्द आहे ‘गणराज्य’. प्रजा म्हणजे मुळात संतती, अपत्य. राजा बाप आणि प्रजा लेकरं, म्हणून ‘मायबाप सरकार’. रयत अरबीतून आली, तिथे तिचा मूळ अर्थ राखणदारीत असलेला कळप. हे शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या नावात रयत किती मानाने उभी आहे! पण नागरिक या शब्दात कुणी बाप नाही आणि कुणी राखणदार नाही, एवढं विद्यार्थ्यांना दिसलं पाहिजे.

पेठरोड
मला एक विचारायचंय. घटकाचं नाव ‘राष्ट्रीय ओळख’ आहे म्हणालात. भाषणांत तर ‘राष्ट्रीय अस्मिता’ ऐकतो. दोन्ही एकच का?

गोदाकाठ
मला स्वतःला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अस्मिता म्हणजे ‘अस्मि’चा भाव, मी आहे ही जाणीव. योगशास्त्राने पाच क्लेश सांगितले त्यांत ती अविद्येच्या लगेच मागे येते, राग आणि द्वेष यांच्या आधी. मराठीत मात्र अस्मिता अभिमानाच्या बाजूला गेली. ती जागी होते, दुखावते, पेटून उठते. या क्रियापदांकडेच बघा. अस्मितेला दुसरं माणूस लागलं तर ते बहुधा समोर उभं करायला लागतं.

ओळख वेगळी. ओळख होते, ओळख करून देतात, ओळख ठेवतात, रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवतात किंवा दाखवत नाहीत. एकट्याची ओळख होऊच शकत नाही, दोघं लागतात. राष्ट्रीय ओळख शिकवायची म्हणजे माझ्यासारख्या समंत्रकाने काय करायचं, तर सातपूरच्या कामगाराची आणि सुरगाण्याच्या मुलीची एकमेकांशी ओळख करून द्यायची. अस्मिता शिकवावी लागत नाही, ओळख मात्र वेळ घेऊन घडवावी लागते. म्हणून मी घटकाच्या नावातला ‘ओळख’ हाच शब्द धरून चालते.

आणि नाशिकमध्ये हे शिकवताना पंचवटीत गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, इथली धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. लढा पाच वर्षं चालला. त्या वेळी कायद्याने सगळेच ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते, नागरिक कुणीच नव्हतं. पण दरवाजा बंद केला तो रोजच्या माणसांनी, ज्यांच्याशी एकाच गावात उठबस होती त्यांनी. ओळख असून ओळख न दाखवणं ते हेच.

मी वर्गात अनुच्छेद १५ वाचून दाखवते. त्यात नागरिकावर कुठे कुठे मज्जाव करता येणार नाही ती ठिकाणं मोजून दिली आहेत: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. ‘स्नानघाट’ आला की वर्गात हालचाल होते. रामकुंडावर न गेलेला एकही विद्यार्थी नसतो. घटनेत आपला घाट आहे हे त्यांना तोवर माहीत नसतं, आणि तो ‘नागरिक’ या शब्दाच्या शेजारी आहे हे तर नसतंच.

जेलरोडकर
शाळेच्या प्रतिज्ञेत ‘नागरिक’ आहे का हो? आठवून पाहतोय, सापडत नाही.

गोदाकाठ
नाही. देश, भारतीय, बांधव, परंपरा, पाईक, देशबांधव. ‘राष्ट्र’ही नाही. मला त्याची खंत नाही, कारण ‘बांधव’ हा त्या पानावरचा सगळ्यात ऊबदार शब्द आहे आणि उद्देशिकेतल्या ‘बंधुते’चा सख्खा. ‘पाईक’ मात्र समजावून सांगावा लागतो. पायदळातला शिपाई हे कळल्यावर त्या वाक्याची पात्रता आणि प्रयत्न दोन्ही कळतात. बारा वर्षं रोज सकाळी म्हटलेला शब्द, पण वर्गात अर्थ विचारला तर उत्तर येत नाही.

अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये ‘व्यक्ती’ आहे, १५, १६ आणि १९ मध्ये ‘नागरिक’ आहे, हेही मागच्या रविवारी पेन्सिलने खुणा करून घेतलं. म्हणजे कायद्यापुढची समानता आणि जीविताचं संरक्षण मिळायला नागरिक असणं लागत नाही, माणूस असणं पुरतं. हे कळल्यावर रात्रपाळीवाला म्हणाला, ‘म्हणजे आमच्या लाइनला नेपाळचा पोरगा आहे, त्यालाही?’ त्यालाही, म्हटलं. त्याने पुस्तकात तिथे दोनदा खूण केली.

सत्राच्या शेवटी पुन्हा तेच काम दिलं: ‘नागरिक’ घालून एक वाक्य. या खेपेला ढीग लागले नाहीत. सुरगाण्याच्या मुलीचा कागद समोर ठेवून हे लिहिते आहे:

‘आमच्या पाड्याचा हातपंप दोन महिने बंद आहे म्हणून मी नागरीक या नात्याने पंचायत समितीला अर्ज दिला.’

‘या नात्याने’ कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिने लिहिलं. ‘रि’ दीर्घ काढली आहे. ‘नागरी’ची सवय हाताला असते, म्हणून तसं होतं. पेन्सिलने ऱ्हस्व करून कागद परत देईन, आणि अर्जाची पोच घेतलीस का, ते विचारीन.